फुल मेंबर

कप या वस्तूचे मला लहानपणापासून कुतूहल आहे. ज्यातून आपण चहा पितो तो कप नव्हे. ज्यातून कोणी कधी काही पीत नाही, तो. दोन कानांचा, पोटाला फुगीर आणि काळ्या लाकडावर बसवलेला. त्याच्यापायी पाचपन्नास माणसे घाम गाळतात, दोघेचौघे हातपाय मोडून घेतात, आणि अखेर तो ज्याच्या घरी जातो त्याच्या घरची बाई दर दिवाळीला त्याला घासताना, "ह्याचा उपयोग तरी काय?" असे विचारते. ह्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणत्याही विजेत्याला देता आलेले नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात कपांना तोटा नाही. धान कापून झाले, मंडईचे दिवस आले, की गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात आणि प्रत्येक मैदानाला कोणाच्या तरी नावाचा कप असतो. निवडणुकीचे वर्ष असले तर हे पीक अंमळ जास्तच येते. पुढच्या वर्षी बघावे तर तो कपही नाही आणि ते नावही नाही. आपण हसतो. पण कप जन्माला येणे आणि मरणे ही काही आपल्या झाडीपट्टीचीच खोड नव्हे. जिथून फुटबॉल साऱ्या जगात गेला त्या इंग्लंडातसुद्धा असला एक कप होऊन गेला. तो अवघी सात वर्षे जगला.

ह्या कपाशी माझी ओळख आमच्या नातवाने करून दिली. हे चिरंजीव राहतात चंद्रपुरात, पण भक्त आहेत लंडनच्या चेल्सी क्लबाचे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला तरी अंगातला निळा सदरा उतरत नाही. एकदा ते आपल्या क्लबाने जिंकलेल्या कपांची यादी मला वाचून दाखवत होते. त्यात मध्येच 'फुल मेंबर्स कप' असे एक नाव आले आणि ते त्यांनी घाईघाईने गिळले. मी विचारले, "हा कोणता रे?" तर म्हणाले, "आजोबा, तो असाच. बंद पडला." जे 'असेच' असते आणि बंद पडते, त्याच्याबद्दल मला जरा जास्त आस्था वाटते. माझेही वय झाले आहे.

त्या कपाची हकीकत अशी. १९८५ सालच्या २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांचा युरोपियन कपाचा अंतिम सामना होता. सामन्याआधी प्रेक्षकांत दंगा झाला, भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. त्यानंतर इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धा बंद झाल्या. परदेशचे सामने गेले, म्हणजे कॅलेंडरात भोक पडले आणि तिजोरीतही पडले. ते बुजवायला फुटबॉल लीगने ही नवी स्पर्धा काढली. लीगच्या वरच्या दोन विभागांतले क्लब हे संस्थेचे पूर्ण सभासद. खालच्या दोन विभागांतले नुसते सहयोगी. हा कप फक्त पूर्ण सभासदांचा, म्हणून नाव 'फुल मेंबर्स कप'. इतके रुक्ष नाव एखाद्या सहकारी पतपेढीच्या कारकुनालाही सुचले नसते!

मोठ्या घरच्या मंडळींनी नाके मुरडली. लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड हे तर कधी फिरकलेच नाहीत. पण १९८६ च्या मार्चमध्ये वेम्बलीवर पहिला अंतिम सामना झाला तेव्हा ६७ हजारांवर माणूस लोटला. चेल्सी आणि मँचेस्टर सिटी हे दोन्ही संघ आदल्याच दिवशी लीगचा एकेक सामना खेळून आलेले. चेल्सीने ५-१ अशी आघाडी घेतली, लोक उठून चालू लागले, आणि शेवटच्या पाचेक मिनिटांत सिटीच्या खाती तीन गोल चढले. ५-४! नातवाने जो कप गिळला, त्याचा पहिला सामना असा होता.

पण मला त्या कपाची खरी गोष्ट वाटते ती १९८८ सालची. त्या वर्षी रेडिंग नावाच्या, फार कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या क्लबाने ल्यूटनला ४-१ असे हरवून हा कप जिंकला. ल्यूटन म्हणजे पहिल्या विभागातला संघ. पुढच्याच महिन्यात त्याने आर्सेनलला हरवून लीग कप नेला. त्याला रेडिंगने धूळ चारली! पण त्याच मोसमात रेडिंग दुसऱ्या विभागातून तिसऱ्यात घसरला. तिसऱ्या विभागातला म्हणजे सहयोगी सभासद. आणि कप तर पूर्ण सभासदांचा. तेव्हा कप जिंकलेल्या रेडिंगला पुढच्या वर्षी तो राखायला मैदानात उतरताच आले नाही. ज्याच्या कपाटात कप, त्यालाच दारात मज्जाव.

हे ऐकून नातू पोट धरून हसला. मी हसलो नाही. मला मुलचेऱ्याकडचे जंगल आठवले.

मी १९७० साली प्राथमिक शिक्षक म्हणून त्या भागात रुजू झालो. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. तो १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. चंद्रपूरहून एसटीने घोटपर्यंत जायचे आणि पुढे सायकल. पावसाळ्यात नाले भरले की सायकल खांद्यावर. त्या भागात सरकारने पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना जमिनी देऊन वसवले होते. साठीच्या दशकातली ती वसाहत. फरीदपूर, बारिसाल, खुलना अशा पाणथळ मुलखातली ही माणसे सागाच्या आणि मोहाच्या रानात येऊन पडलेली. जुन्या गावांतले लोक त्यांच्या वस्त्यांना 'कॅम्प' म्हणत. माणूस कितीही वर्षे राहिला तरी तो 'कॅम्पातला'. आमच्या चंद्रपूर शहरातही एका वस्तीला 'बंगाली कॅम्प' म्हणतात, ते ह्याच चालीने.

ह्या मंडळींनी येताना बाडबिस्तऱ्याबरोबर दोन गोष्टी आणल्या होत्या: मासे पाळण्याची विद्या आणि फुटबॉल. पहिलीने त्यांचे पोट भरले, दुसरीने पोरे बिघडली, असे आमचे एक वरिष्ठ म्हणत.

तिथे मला पहिल्यांदा कळले की मुंबईत 'रोव्हर्स कप' नावाची एक चीज आहे. मी मराठी माणूस, मुंबई आपली राजधानी. पण राजधानीत कूपरेजच्या मैदानावर काय चालते हे मला बारिसालच्या एका म्हाताऱ्याकडून कळावे, ही मोठी मौज होती. त्याला सारे गाव 'दादू' म्हणे, म्हणजे आजोबा. मला तो 'मास्टरमोशाय' म्हणायचा. त्याच्याकडे बॅटरीवरचा एक रेडिओ होता. हिवाळ्यात कूपरेजवर सामने सुरू झाले की रात्री बंगाली बातम्यांच्या वेळी त्याच्या अंगणात पन्नासेक माणसे शेकोटीभोवती श्वास रोखून बसत.

रोव्हर्स कपाचा सारा इतिहास त्याला तोंडपाठ होता. पुढे मी तो पडताळून पाहिला. म्हाताऱ्याने उगाच तिखटमीठ लावलेले नव्हते. हा कप साहेबांनी काढला १८९१ साली, मुंबईत, आपल्या संघांकरिता. पहिल्या वर्षी तो वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला, आणि नंतर वर्षानुवर्षे त्यावर गोऱ्या पलटणींचीच नावे कोरली गेली. १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीपुढे हरला. अखेर १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स संघाने तो जिंकला आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षीही जिंकला. म्हणजे साहेबाने आपल्यापुरता काढलेला कप आपल्या माणसाच्या हाती यायला ४६ वर्षे लागली. पुढे १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो कोणाला हात लावू दिला नाही. त्यांचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. आमच्या शाळेवर सिरोंच्याकडचा एक तेलुगू बोलणारा शिपाई होता. त्याला फुटबॉलमधले ओ की ठो कळत नव्हते, पण ही पाच वर्षे त्याला आपल्या घरची वाटत. नदीपल्याडची तर ती माणसे!

आमच्या त्या गावात पक्ष दोन. सारे गाव ईस्ट बेंगालचे, कारण सारेच पूर्वेकडून आलेले. आणि एक शिंपीदादा मोहन बागानचा, कारण तो इकडे येण्याआधी चार वर्षे हावड्याला मशीन चालवत होता. बंगाल्यांत अशी रीत आहे, की ईस्ट बेंगाल जिंकला तर घरोघरी इलिश मासा शिजतो, आणि मोहन बागान जिंकला तर झिंगे. आता आमच्या जंगलात समुद्रातून पद्मेत चढणारा इलिश यायचा कुठून? पण झिंगे मात्र वैनगंगेचे नामांकित! त्यामुळे गंमत अशी होई, की चारशे माणसांच्या पक्षाला विजय साजरा करता येत नसे आणि एकट्या शिंप्याला तो चामोर्शीच्या बाजारातून आणून थाटात करता येई. १९७० आणि १९७१, दोन्ही वर्षी मोहन बागान जिंकला. शिंपीदादाने झिंग्यांचा वास सुटेल अशा बेताने चूल अंगणात मांडली. त्या दिवसांत त्याच्याकडे कोणी सदरा शिवायला टाकला नाही.

१९७१ च्या डिसेंबरात त्याच रेडिओवर ढाक्याची बातमी आली. बांगलादेश झाला. अंगणात जल्लोष झाला. दादू मात्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "देश झाला, चांगले झाले. पण माझे धान इथे उभे आहे."

आणि १९७२ साली रोव्हर्स कपाच्या अंतिम सामन्यात गाठ पडली ती ह्याच दोघांची. निकाल लागेना; तेव्हा दोघांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. आता शिजवायचे काय? शिंपीदादाने झिंगे आणले. दादूने बोडीतला एक मोठा रोहू काढला आणि जाहीर केले, "हा इलिश." पोरे हसू लागली. तेव्हा म्हातारा शांतपणे म्हणाला, "हसता काय? आम्हालाही आता चांदेवाले म्हणायला लागलेत ना लोक? मग रोहूला इलिश म्हटले तर बिघडले कुठे?"

मी त्या पंगतीला होतो. तो रोहू मी इलिश म्हणूनच खाल्ला.

ह्या साऱ्याचा परिणाम असा झाला, की १९७१ साली मीही एक कप काढला होता. कप कसला, चंद्रपूरच्या गोल बाजारातून आणलेला एक पितळी गडवा! आसपासची चार गावे घ्यायची: दोन बंगाली, एक मराठी, एक गोंडांचा टोला. धान निघाल्यावर शाळेच्या मैदानावर सामने भरवायचे. त्यासाठी एक कमिटी झाली. आपल्याकडे बॉल येण्याआधी कमिटी येते. कमिटीतल्या एका वजनदार गृहस्थांनी पहिल्याच बैठकीत कायदा मांडला: जुनी गावे हे खरे सभासद, कॅम्पातले संघ पाहुणे. पाहुण्यांनी खेळावे, जेवावे. पण गडवा परगावी जाता कामा नये. पाहुणे जिंकलेच, तर गडवा सभासद गावांतल्या पहिल्या संघाकडे राहील.

मी विरोध करून पाहिला, पण मी चोवीस वर्षांचा परिवीक्षेवरचा मास्तर. ठराव पास झाला. फक्त एक अडचण कोणाच्या ध्यानात आली नव्हती: पंचक्रोशीतला एकुलता एक फुटबॉल पाहुण्यांच्या मालकीचा होता. शिंपीदादाने सात वेळा शिवलेला, सायकलच्या पंपाने फुगवायचा. तो घेऊन ते निघून गेले असते तर सभासदांना गडव्याशीच खेळावे लागले असते. पण ते निघून गेले नाहीत. दादूने पोरांना सांगितले, "खेळायचे. कायदा कागदावर असतो, बॉल मैदानावर."

अंतिम सामना बंगाली गाव आणि मराठी गाव यांच्यात झाला. बंगाली पोरे ३-० ने जिंकली. मग बक्षीससमारंभ झाला, भाषणे झाली, आणि कायद्याप्रमाणे गडवा हरलेल्या संघाच्या कप्तानाच्या हाती दिला गेला. टाळ्या जेमतेमच पडल्या. बंगाली पोरे काही न बोलता बॉल काखेत मारून चालू लागली.

पुढचे मला त्या कप्तानानेच सांगितले. तो गडवा घेऊन घरी गेला. माय चुलीपुढे होती. तिने विचारले, "जितला कोन?"

"ते कॅम्पातले."

"मंग हा आपल्या घरी कायले आनलास गा?"

पोराला उत्तर देता येईना. त्याने कमिटीचा ठराव समजावून सांगायचा प्रयत्न केला. माय म्हणाली, दुसऱ्याचे भांडे घरात ठेवून ती जेवायला वाढणार नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो पोरगा सायकलच्या हँडलला गडवा अडकवून बंगाली गावात गेला आणि दादूच्या अंगणात ठेवून आला. येताना सायकलला त्याच्या वजनाइतके वांगी-भोपळे बांधून दिले होते.

त्यावर कमिटीची बैठक झाली नाही. पुढच्या वर्षीच्या कागदावर 'पाहुणे' हा शब्दच नव्हता. तो कोणी काढला हेही कोणी विचारले नाही. १९७२ साली गडवा तिथेच राहिला. १९७३ साली मराठी गावाने तो जिंकून आणला आणि त्या मायने तो मानाने देवळीत ठेवला. १९७४ साली गोंडांच्या टोल्याने जिंकला. त्यांना एक गडी कमी पडत होता, म्हणून त्यांनी गोलात एक बंगाली पोरगा उभा केला. कमिटीने हटकले, "हा कोणत्या गावचा?" त्यांच्या कप्तानाने जरासा विचार करून सांगितले, "आमचा." नोंदवहीत तसे लिहिले गेले. अक्षर माझे आहे.

१९७५ साली शाळेच्या मैदानावर एका खात्याचे गोदाम उभे राहिले. गोदाम गरजेचे होते, त्यात धान्यच भरले गेले, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची? गडव्याचे सामने मात्र संपले. चार वर्षांचे आयुष्य.

पाहता पाहता बाकीचेही गेले. युरोपची दारे उघडली होती, आणि १९९२ साली इंग्लंडातले वरच्या विभागातले क्लब लीगमधून फुटून निघाले, त्यांनी प्रीमियर लीग काढली. त्या वर्षी फुल मेंबर्स कप नॉटिंगहॅम फॉरेस्टने साउदॅम्प्टनला ३-२ असे हरवून जिंकला, तो शेवटचा. ज्या भोकासाठी तो जन्मला होता ते भोक बुजले. इकडे १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. मोठ्या संघांचे महिने तिने घेतले आणि जुन्या स्पर्धांना कॅलेंडरात जागा उरेना. २०००-०१ च्या मोसमात मोहन बागानने चौदाव्यांदा रोव्हर्स कप जिंकला आणि मग तो पुन्हा झालाच नाही. एक कप सात वर्षांचा, एक शंभरावर दहा वर्षांचा. पण दोघेही एकाच दुखण्याने गेले. त्यांना चांदी कमी पडली नाही. मैदानावर आणि महिन्यांत त्यांची जागा राहिली नाही.

मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोव्हर्स कपासाठी कोणी किती अश्रू ढाळले मला ठाऊक नाही. आमच्या जंगलात मात्र त्या हिवाळ्यानंतर लोक विचारत राहिले, "ह्या वर्षी कूपरेज कधी?" त्या माणसांनी जमिनीच्या पट्ट्यांसाठी, जातीच्या दाखल्यांसाठी वर्षानुवर्षे अर्ज केले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. प्रत्येक कागदावर त्यांना आपण कोण हे सिद्ध करावे लागले. वर्षातले ते चार दिवस मात्र तसे नसत. त्यांचे मागचे घर त्यांच्या नव्या राज्याच्या राजधानीत येऊन खेळायचे, आणि त्या दिवशी त्यांना कोणाला दाखला दाखवावा लागत नसे. कप किती वर्षे जगला ह्याचा हिशेब मी हल्ली करत नाही. त्याने बाहेरच्या किती जणांना आत घेतले, एवढे बघतो. रेडिंगला आत घेऊन पुन्हा बाहेर काढणारा कप सात वर्षांत गेला, ह्याचे मला फारसे दुःख होत नाही. साहेबाने स्वतःपुरता काढलेला कप मात्र पुढे बंगलोरच्या, हैदराबादच्या, कलकत्त्याच्या माणसांचा झाला, म्हणून तो गेल्याचे होते.

आणि मेलेल्या कपांत एक सोयही आहे. पुढचा सामनाच होत नसल्यामुळे शेवटच्या विजेत्याला कोणी हरवू शकत नाही. फुल मेंबर्स कप अजून नॉटिंगहॅम फॉरेस्टचा आहे, रोव्हर्स कप अजून मोहन बागानचा आहे. आमचा गडवा त्या गोंडांच्या टोल्यावर आहे. तो तिथे रोज पाणी प्यायला वापरतात. आणि बंगाली गावातला तो गोली कधी तिकडून गेला, तर पहिले पाणी त्याला देतात.